पत्थरगट्टीचं मानपत्र

मन्मथराव वलांडे यांनी नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच अर्जात खरं कारण लिहिलं, आणि तिथंच घात झाला.

आता रविवारी लातूरहून नांदेडला जायला अर्ज कशाला लागतो, असं तुम्ही विचाराल. नियमाप्रमाणे लागतो. त्याला 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' म्हणतात, आणि मन्मथरावांच्या सरकारी कचेरीत ती आजतागायत कुणी मागितलेली नव्हती. लोक शनिवारी गुपचूप जातात आणि सोमवारी गुपचूप येऊन सही करतात. पण त्या आठवड्यात वरून तपासणी यायची होती. 'कोणीही मुख्यालय सोडू नये' असं परिपत्रक साहेबांनी काढलं होतं आणि मन्मथराव वरिष्ठ लिपिक असल्यामुळे ते त्यांनीच टाईप केलं होतं. स्वतः टाईप केलेला हुकूम स्वतःच मोडायचा म्हणजे माणसाच्या जिवावर येतं.

म्हणून त्यांनी लिहिलं, 'पत्थरगट्टी या रॉक बँडचा निरोपाचा शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी तीन वाजता नांदेड येथे असून, सदर कार्यक्रमास उपस्थित राहणे आवश्यक आहे.'

साहेबांनी 'आवश्यक' या शब्दाखाली लाल रेघ मारली. "आवश्यक कुणाला?"

"मला, साहेब."

साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बावन्न वर्षं वय, कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं. "पुरावा जोडा," साहेब म्हणाले.

पुरावा म्हणून मन्मथरावांनी कार्यक्रमाची जाहिरात छापून जोडली. आवक विभागानं तिच्यावर शिक्का मारला तो नेमका गायकाच्या तोंडावर. पण परवानगी मिळाली, आणि मन्मथराव त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ असावी म्हणून झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथं त्यांच्या शेजारी दयानंद सर उभे होते.

दयानंद सर म्हणजे मन्मथरावांच्या भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. वय शहात्तर. निवृत्तीनंतर सरांनी एकच काम धरलं होतं, मानपत्रं लिहायचं. एकशे त्रेचाळीस लिहून झाली होती. लातुरात सरांच्या मानपत्राशिवाय माणूस रिटायर होतो, नाही असं नाही, पण लोक त्याला मनातून रिटायर धरत नाहीत. सरांनी झेरॉक्स उलटी असतानाच वाचली.

"हे चौघं रिटायर होऊन राहिलेत का, मन्मथ?"

"हाव सर. तीस वर्षं वाजवलं. आता बास मनलेत."

"मग सत्कार कोण करून राहिलंय?"

"सत्कार नसतोय सर. ते वाजवतेत, आपण ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या अन् घरी यायचं."

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "तीस वर्षं सेवा केलेल्या माणसाला नुसतं ऐकून उठून यायचं? शाल न्हाई, नारळ न्हाई, दोन शब्द न्हाईत? अरे, माणसं हायत का कोण हायत?"

इथं मन्मथरावांनी काय करायला हवं होतं, तर मान डोलवून घरी जायला हवं होतं. पण माणूस भिडस्त. ते म्हणाले, "बरोबर हाय सर, पण कोण करणार?" झालं. लातुरात 'कोण करणार' असं सरांपुढं म्हटलं की ते काम सरांचं झालं.

मन्मथरावांना नांदेडला जायचं होतं ते एका गाण्यासाठी. हे एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळ्यांना त्याचा विसर पडला. 'बंद पंखा' नावाचं अकरा मिनिटांचं गाणं होतं. पत्थरगट्टीवाल्यांनी ते कधी रेकॉर्ड केलंच नाही. कॅसेटवर नाही, सीडीवर नाही, मोबाईलवर नाही. प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यात शेवटी वाजवायचं आणि तिथंच सोडून यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. मन्मथरावांचं ते तीनदा हुकलं. एकदा परीक्षा होती, एकदा मुलीचा जन्म झाला, एकदा निवडणुकीची ड्युटी लागली. बाकीची सगळी गाणी त्यांना पाठ होती, आणि हे एक ऐकायचं राहिलं होतं. आता नांदेडनंतर ते कुणालाच ऐकायला मिळणार नव्हतं.

सर त्याच संध्याकाळी वही घेऊन ओट्यावर येऊन बसले.

"मूळ नेमणूक कुठली?"

"नांदेडच्या हॉस्टेलातच सुरू केलं सर. मग हैदराबादेत खोली घेतली. त्या गल्लीचं नाव पत्थरगट्टी, तेच बँडला ठेवलं."

"बदल्या किती झाल्या?"

"बदल्या न्हाईत."

"तीस वर्षं एकाच जागी? वशिला असंल. व्यसनं?"

"ते लिहू नका सर."

"मग निर्व्यसनी लिहितो."

"तेबी लिहू नका."

असं चार संध्याकाळी चाललं. चौथ्या दिवशी सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "हे सगळं कोणत्याबी माणसाचं असतंय. त्यांच्यामुळं तुझं काय झालं ते सांग. मानपत्राला तेच लागतंय." मन्मथराव बोलायला लागले ते तासभर बोलत राहिले. दोनदा नापास झाल्यावर नांदेडच्या हॉस्टेलात कॉटवर पडून कुणाची कॅसेट ऐकली, घरी पत्र काय लिहिलं, काय लिहिलं नाही, 'बंद पंखा' तीनदा कसं हुकलं, सगळं. आत सिंधुताई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात मधेच थांबला, कारण चोवीस वर्षांच्या संसारात यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

ताट वाढताना त्या म्हणाल्या, "मी बी येते नांदेडला."

"तिकीट एकच हाय, अन् सगळी विकली गेलीत."

"तुमच्या सरांना कुठं तिकीट हाय? अन् फेटे कोण बांधणार? सर बांधणार का?"

सिंधुताईंनी महिला मंडळात फेटे बांधायचा वर्ग केला होता, आणि तेव्हापासून त्यांना एकदम चार डोकी मिळाली नव्हती. तयार फेटे घेऊ, असं मन्मथराव बोलून गेले, तर सिंधुताई आणि सर दोघांनीही त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी पुढचा घास न चावताच गिळला.

रविवारी सकाळी साडेनऊला मंडळी लातूरच्या बसस्टँडवर उभी राहिली. गाडी करून जाऊ, असं मन्मथराव आठवडाभर म्हणत होते, पण सरांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली होती आणि तेव्हापासून ते दुसऱ्या कोणत्याही वाहनाला वाहन समजत नसत. सामान असं: चार शाली, चार नारळ, चार फेट्यांचं कापड, आणि तीन फूट बाय दोन फूट काचेच्या चौकटीतलं मानपत्र. ते मांडीवर उभं धरलं की मन्मथरावांना समोरचं काही दिसत नव्हतं आणि समोरच्यांना मन्मथराव दिसत नव्हते. सव्वादोनपर्यंत नांदेड, असा हिशोब त्यांनी तीन वेळा बोलून दाखवला. कुणी ऐकलं नाही.

कंडक्टर आला. "काचेला सामानाचं तिकीट लागंल."

"ही काच न्हाई," सर म्हणाले, "हा गौरव हाय."

"गौरव असू द्या, पण काच हाय न्हवं?" म्हणत कंडक्टर वाकला आणि त्यानं मानपत्र वाचायला सुरुवात केली. उभ्यानंच, एका हातानं वरची दांडी धरून, पहिल्या ओळीपासून. पुढच्या माणसांची तिकिटं तशीच राहिली. चाकूर आलं तेव्हा तो शेवटच्या परिच्छेदावर होता. वाचून झाल्यावर त्यानं तिकिटाचं यंत्र खांद्यावर टाकलं आणि सरांच्या शेजारी टेकला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"सर, मी येत्या एकतीसला रिटायर होऊन राहिलो."

सरांनी वही काढली. "मूळ नेमणूक?"

"निलंगा डेपो, सर."

अहमदपूरच्या स्टँडात दहा मिनिटं थांबायची गाडी पस्तीस मिनिटं थांबली, कारण कंडक्टर नेमका आपल्या निलंग्याच्या दिवसांत शिरला होता आणि त्याला तिथून बाहेर काढायची कुणाची छाती होईना. प्रवासी ओरडायला लागले, तेव्हा ड्रायव्हर काय झालं ते बघायला मागं आला. त्यानंही मानपत्र वाचलं. मग म्हणाला, "माझं बी घ्या की सर. मला अजून चार वर्षं हायत, पण तवर तुमी…" आणि पुढचं त्यानं पोटात ठेवलं.

"मी असणारच हाय," सर म्हणाले, "पण लिहून ठिवायला काय बिघडतंय?"

ड्रायव्हरची माहिती लोह्याच्या स्टँडात घेतली गेली. त्याच्या सेवाकाळात एकही अपघात नव्हता, आणि तो का नव्हता हे प्रत्येक प्रसंगासह सांगायचं तर दीड तास लागतोच. मन्मथराव चौकटीच्या मागून घड्याळाकडे बघत होते. "सर, तीनला सुरू होतंय," ते म्हणाले. सर म्हणाले, "सत्कारमूर्ती आल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसतोय." "अहो, सत्कारमूर्तीच वाजवणार हायत," मन्मथराव म्हणाले. "मग तर जागचे हलायचेच न्हाईत," सर म्हणाले, आणि मन्मथरावांनी नाद सोडला.

नांदेडच्या नाट्यगृहाशी रिक्षा थांबली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आतून ड्रमचा आवाज येत होता. मन्मथरावांनी मोबाईल काढून तिकीट दाखवायला घेतलं, तर ते उघडेना. दारावरचा वॉचमन म्हणाला, "तो स्कॅनचा चौकोन दिसायला पायजे साहेब. चौकोन न्हाई तर आत न्हाई." मन्मथरावांनी फोन उंच धरला, बंद केला, परत लावला. त्यांनी परवानगीचा कागदसुद्धा दाखवला. वॉचमननं शिक्का बघितला, गायकाचं झाकलेलं तोंड बघितलं आणि मान हलवली.

तेवढ्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक हरिओमजी बाहेर आले. पांढरा सफारी, बोटात किल्ल्यांचा जुडगा. त्यांची नजर आधी नारळांवर पडली, मग शालींवर, मग चौकटीवर.

"सत्काराची मंडळी का? मग पुढून कामून आलात? सत्काराची मंडळी मागून येत असतेत."

"माझ्याकडं तिकीट हाय, फक्त ते…" मन्मथराव बोलू लागले.

"तिकीट कशाला लागतंय तुमाला?" म्हणत हरिओमजींनी मागचं दार उघडलं आणि तिघांना थेट रंगमंचाच्या विंगेत नेऊन उभं केलं. सरांना खुर्ची मिळाली. सिंधुताईंना कापड पसरायला टेबल मिळालं. मन्मथराव ते उघडत नसलेलं तिकीट हातात धरून उभे राहिले.

पण समोर पत्थरगट्टी होती. चौघंही पन्नाशी ओलांडलेले, केस मागं सरकलेले. शिवप्रसाद गात होता आणि मागं व्यंकट, मूळचा कंधारचा, ड्रम बडवत होता. कर्ण्यांची तोंडं प्रेक्षकांकडे होती, त्यामुळे विंगेत निम्म्या आवाजाचा नुसता गडगडाट येत होता, आणि मन्मथरावांना दिसत होत्या त्या चौघांच्या पाठी. तरीही त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांनी चौकट भिंतीला टेकवली आणि तासभर ओठ हलवत प्रत्येक गाणं म्हटलं. सिंधुताई फेट्याच्या घड्या घालता घालता नवऱ्याकडं बघत होत्या. सरांनी कानात कापूस घातला होता आणि ते बसल्या जागी गाढ झोपले होते.

साडेपाचला हरिओमजींनी घड्याळ पाहिलं. "सहाला पडदा. त्यानंतर क्लासवाल्यांचा गुणगौरव हाय. चारशे पालक बाहेर उभे हायत."

"मग सत्कार राहू द्या," मन्मथराव घाईनं म्हणाले. "त्यांचं शेवटचं एक गाणं हाय. अकरा मिनिटांचं. तेवढं होऊ द्या, सत्कार आपण मागं विंगेत करू."

"विंगेत सत्कार?" हरिओमजी असे दचकले, जसं काही कुणी विंगेत भाजी निवडायला बसणार होतं. त्यांनी माईक घेतला आणि मन्मथराव पुढं होईपर्यंत ते रंगमंचावर पोचलेसुद्धा. आता लातूरकर रसिकांच्या वतीनं सेवापूर्ती गौरव होईल, असं त्यांनी जाहीर केलं. शिवप्रसादच्या हातातली गिटार तशीच राहिली. प्रेक्षकांत हसू पिकलं, आणि मग टाळ्या पडल्या, कारण सभागृहात बसलेले सगळे मन्मथरावांच्याच वयाचे होते आणि फेट्याचं कापड दिसलं की हात आपोआप जोडले जाणारे होते.

सिंधुताईंनी चार डोकी बांधली. घाई करा, म्हणून मन्मथराव खुणा करत होते, पण त्यांनी एकही वेढा सैल ठेवला नाही. शाली झाल्या, नारळ झाले. समोरच्या घड्याळात पावणेसहा. तेवढ्यात जागे झालेल्या सरांनी माईक हातात घेतला. "मानपत्राचं वाचन श्री. मन्मथ वलांडे करतील. लिहिणारा वाचत नसतो. ज्याला सत्कारमूर्ती माहीत हायत त्यानं वाचायचं असतंय."

हा नियम मन्मथरावांना पहिल्यांदाच कळत होता. चौकट त्यांच्या हातात आली. त्यांनी मनातल्या मनात गणित मांडलं. बारा परिच्छेद होते. पहिला आणि शेवटचा वाचला की दोन मिनिटं. मग अकरा मिनिटांचं गाणं, आणि वर दोन मिनिटं शिल्लक. कुणाला कळणार होतं? सर कापूस काढायला विसरले होते.

त्यांनी पहिला परिच्छेद वाचला. "आपण तीस वर्षे सातत्याने, प्रसंगी वेळेवर नव्हे परंतु सदैव मनःपूर्वक, वाद्ये वाजविली." सभागृह हसलं. व्यंकटही हसला. मन्मथरावांनी डोळे खाली बाराव्या परिच्छेदावर नेले, पण मान वर करून एकदा चौघांकडे पाहिलं. तिथं त्यांची चूक झाली.

चौघंही शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसे ओळीत उभे होते. शिवप्रसादनं गिटार काढून मागं ठेवली होती. व्यंकटनं काड्या खिशात घालून हात जोडले होते, आणि पहिल्या रांगेत त्याची म्हातारी आई पुढं वाकून, एकही शब्द चुकू नये म्हणून, कानामागं हात धरून बसली होती. या माणसांनी तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आज पहिल्यांदाच ती ऐकायला उभी होती, आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना खरोखरच ऐकायचं होतं, हे मन्मथरावांना स्पष्ट दिसलं.

त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला. मग तिसरा.

"आपल्या आवाजाने शेजाऱ्यांच्या झोपेत व्यत्यय आला असेल. परंतु नांदेडच्या वसतिगृहात दोन वेळा अनुत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी, जो त्या दिवशी घरी तोंड दाखविण्यास तयार नव्हता, तो आपली गाणी ऐकत सकाळपर्यंत बसला, आणि सकाळी उठून फी भरण्यास गेला. असे विद्यार्थी किती, याची नोंद कोणत्याही दप्तरी नाही."

इथं सभागृहात कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एक पन्नाशीचा माणूस नुसता उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा राहिला. मन्मथरावांनी नाक पुसलं आणि पुढं वाचलं. आता ते घाई करत नव्हते. अर्धांगिनींचा परिच्छेद वाचला, ज्यात घरभाडं कुणी सांभाळलं ते होतं. फुटलेल्या ड्रमचा वाचला. प्रत्येक परिच्छेदाला टाळ्या पडत होत्या आणि त्या थांबेपर्यंत ते थांबत होते. बारावा संपला तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. शिवप्रसाद फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होता. सभागृह उभं होतं आणि 'वन्स मोर' म्हणत होतं, मानपत्राला.

व्यंकटनं हळूच विचारलं, "ते हॉस्टेलचं तेवढं परत वाचता का? माझ्या मायला नीट ऐकू गेलं न्हाई." मन्मथरावांनी तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. हरिओमजींनी सहाच्या ठोक्याला पडदा सोडला.

पडद्यामागं क्लासवाल्यांची माणसं खुर्च्या घेऊन आत शिरू लागली. शिवप्रसाद मानपत्राची चौकट छातीशी धरून उभा होता. त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"'बंद पंखा' राहिलं की," तो म्हणाला. "शेवटचं होतं. कुणीतरी त्याच्यासाठी आलं असेल." त्यानं मन्मथरावांकडे पाहिलं. "तुम्ही तरी ऐकलंय ना?"

"हाव," मन्मथराव म्हणाले, "लई वेळा."

"मग बरं झालं," शिवप्रसाद म्हणाला. त्यानं मन्मथरावांचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ सोडले नाहीत, आणि मग फेटा सांभाळत आपल्या माणसांकडे गेला.

बाहेर चहाच्या गाड्यावर सिंधुताईंनी तीन चहा सांगितले. कप हातात आल्यावर म्हणाल्या, "खोटं कामून बोललात?"

मन्मथरावांनी एक घोट घेतला. डोळे लाल झाले होते, पण आवाज कचेरीतला होता.

"रिटायर होणाऱ्या माणसाच्या टेबलावर फाईल पेंडिंग ठिवायची न्हाई."